पिवळी साय

वालदेवीला पाणी घोट्याएवढंच होतं,
मार्गशीर्षातलं, गार, तळ दाखवणारं.
विहितगावच्या वरच्या अंगाला मी उतरत होते
आणि पलीकडून ठकूबाई ओरडली,
"त्या धोंड्यावर नगं पाय देऊ, बाई,
त्याच्यावर पिवळी साय हाये."
दिला.
मनगट मुरगळलं. चारातल्या तीन बाटल्या फुटल्या.

तिला ठाऊक होतं:
हिरवं शेवाळ पावसाळ्यातलं, ते दिसतं,
दिसतं ते सहसा पाडत नाही.
पिवळी साय थंडीत धरते, वाहत्या पाण्यात,
काळ्या दगडाच्या उगवतीच्या अंगाला.
एवढंच लिहायला मला दोन हिवाळे लागले,
'अधिवास' या मथळ्याखाली, साडेतीन ओळी.

दात घासायच्या ब्रशनं दगड घासला,
चहाच्या रंगाचं पाणी चौथ्या बाटलीत भरलं.
लॅबमध्ये दगूनानांनी ते आम्लात उकळलं,
खिडक्या सताड, नाकाला उपरणं.
जिवंत होतं ते सगळं जळून गेलं
आणि तळाशी उरली पांढरी चिमूट.
काच.
भट्टीशिवाय, गार पाण्यात केलेली काच.

हजारपट मोठं केल्यावर
होडीसारखं दिसतं म्हणायचा मोह होतो. सगळेच म्हणतात.
मी लिहिलं: एक टोक रुंद, एक निमुळतं,
मधे किंचित फुगीर, जशी एका बाजूनं झिजलेली
साबणाची वडी.
वडी खोडली. तिथं 'जशी'ला जागा नसते.
रेघा मोजल्या, दहा मायक्रॉनमध्ये चौदा.
जेवून आले, पुन्हा मोजल्या. चौदा.
पुस्तकातल्या जवळच्या बहिणीला अकरा, फार तर बारा.
"दोन रेघांसाठी एवढं, मॅडम?"
नाना, सातबाऱ्यावर एक काना चुकला
तेव्हा तहसीलला किती हेलपाटे घातलेत?
नाना बाटल्या विसळायला गेले.

लांबी: नऊ ते बावीस.
या आकड्यांच्या मधे एक घराणं आहे.
प्रत्येकजण म्हणजे झाकणाची डबी.
दुभंगताना एकीला आईचं झाकण मिळतं, दुसरीला तळ,
दुसरी तोच तळ झाकण म्हणून वापरते
आणि आत मावेल असा नवा तळ घडवते.
म्हणून दुसरी जराशी लहान.
दुसरीची दुसरी आणखी लहान.
नऊवाली ती कितव्या दुसरीची दुसरी, कोण जाणे.
मग म्हणे केव्हातरी ती सगळी काच टाकून देते,
उघडी होते, फुगते,
आणि पुन्हा बावीसपासून सुरू.
हे मी पाहिलेलं नाही.
पाहिलेलं नाही, असंही लिहिलं.

नाव ठेवायची वेळ आली.
लॅटिनमध्ये बाईच्या नावाला शेपटाला 'ए' लागतो.
वहीच्या मागच्या पानावर गिरवून पाहिलं:
गोम्फोनेमा ठकुए.
दोनदा मोठ्यानं म्हटलं. नाना आतून म्हणाले, "काय?"
परीक्षकाचं पत्र आलं, वर्णन उत्तम,
नाव मात्र उच्चाराला अवघड, बदलता आलं तर पाहावं.
मी नम्रपणे कळवलं,
तुमच्याकडची दोनेकशे नावं आम्ही पाठ केली आहेत.

छापून आलं त्या फाल्गुनात गेले.
ठकूबाईनं हात लुगड्याला पुसला,
कागद धरला, उलटा.
"हे काय करतं?"
विशेष काही नाही. ऊन खातं.
"आन् माणसं पाडतं."
हो.
"त्येला माझं नाव?"
अशी हसली की हातातलं धुणं सुटलं.
"सुनंला नगं सांगू. ती म्हनंल, बराबर हाये."

उशीचा अभ्रा हवा भरून फुगला,
वाहायला लागला देवळालीकडून खाली.
मी चपला काढल्या, पाण्यात शिरले,
त्या धोंड्याला वळसा घालून.